तालुका न्यायालय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : तयारी तपासण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. फोंडा.

आजपासून कामाच्या नोंदी या वहीत ठेवायच्या, असे आमच्या अभ्यासगटाने ठरवले आहे. गटात आम्ही चौघे आहोत : दिवाणी दावे चालवणारे एक ज्येष्ठ वकील, महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांची भाषांतरे करणाऱ्या एक बाई आणि गोव्यातील तालुका न्यायालयांत लघुलेखिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली मी. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाती घेण्यापूर्वी तालुका न्यायालयाला आपली तयारी आपणच तपासता यावी, यासाठी आम्ही एक प्रपत्र तयार करणार आहोत. या कामावर आम्हाला कोणी नेमलेले नाही. प्रपत्र पूर्ण झाल्यावर ते सूचना म्हणून न्यायालयीन प्रशासनाकडे आणि वकील संघटनांकडे पाठवायचे, एवढाच आमचा अधिकार आहे.

हे काम आताच हाती घेण्याचे कारण उघड आहे. परवापासून, म्हणजे १ नोव्हेंबरपासून, केरळमधील जिल्हा न्यायालयांत साक्षीदारांच्या जबान्या ‘अदालत एआय’ या बोललेले टिपून घेणाऱ्या साधनाने नोंदवणे बंधनकारक झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचे साधन आणले, २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘सुपेस’ हे न्यायाधीशांच्या संशोधनाला साहाय्य करणारे साधन आणले आणि फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठासमोरच्या युक्तिवादांचे यंत्राने लेखन सुरू केले. न्यायाधीशांसाठीच्या ‘डिजिटल कोर्ट्स’ या प्रणालीतही ‘श्रुती’ नावाची श्रुतलेखनाची आणि ‘पाणिनी’ नावाची भाषांतराची सोय आहे. साधन आपल्या दारात येईल की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते आल्यावर त्याला कोणत्या खोलीत बसवायचे आणि त्याने लिहिलेले कोणी वाचायचे, हे ठरायचे आहे.

प्राध्यापकांनी पहिला आराखडा मांडला. नवे तंत्रज्ञान स्वीकारणाऱ्या संस्थांच्या अभ्यासात १९९० पासून वापरली जाणारी तंत्रज्ञान, संस्था आणि परिवेश ही त्रिसूत्री त्यांनी पायाला घेतली आहे. चाळीसेक प्रश्नांचा मसुदा संध्याकाळपर्यंत तयार झाला. वाचताना मला जाणवले की त्यातील बहुतेक प्रश्न वस्तूंविषयी आहेत : संगणक किती, जोडणीचा वेग किती, वीज गेल्यावर पर्यायी व्यवस्था किती वेळ टिकते. हे प्रश्न राहतीलच, परंतु ते पहिल्या पानावर असावेत असे मला वाटत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. फोंडा.

आज नोंदींच्या स्थितीवर बोललो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो, तारखा आणि टप्पे प्रकरण माहिती प्रणालीत भरले जातात आणि तेथून ते राष्ट्रीय न्यायिक माहिती जाळ्यावर दिसतात. ही व्यवस्था पक्षकाराच्या फार उपयोगाची आहे, परंतु तिची घडण तारीख कळावी यासाठी झाली आहे, प्रकरणात काय घडले ते समजावे यासाठी नव्हे. बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या प्रकरणांची यादी, आटोपताना कारकुनाच्या हाती वेळ नसतो. सुनावणीचे कारण ठरावीक यादीतून निवडायचे असते आणि दोन कारणे जवळजवळची असली की हाताला येते ते निवडले जाते. माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) उघडला की खरे काय ते समजते. विलंबाचा अंदाज बांधणारे यंत्र मात्र याच नोंदींवर शिकणार असल्यामुळे कारकुनाची घाई त्याच्या शिकवणीचा भाग होऊन बसते.

त्यातून निघालेला प्रश्न प्रपत्रात घातला : ‘गेल्या महिन्यातील कोणतीही दहा प्रकरणे घेऊन प्रणालीतील टप्पा आणि रोजनाम्यातील मजकूर कोणी ताडून पाहिला आहे का?’ असे दहा रोजनामे वाचणे एका दुपारचे काम आहे, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.

इन्व्हेंटरी प्रकरणांकडे वकीलसाहेबांनी लक्ष वेधले. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेली आणि आता २०१२ च्या गोव्याच्या वारसाहक्कविषयक कायद्यात बसवलेली ही कार्यवाही नेहमीच्या वादी-प्रतिवादी चौकटीत मावत नाही. तिच्यात मृताची मालमत्ता मांडली जाते, पती किंवा पत्नीचा अर्धा हिस्सा वेगळा काढला जातो आणि मग वारसांत वाटणी होते. देशभरातील दाव्यांवर शिकलेले साधन अशा प्रकरणाचा गोषवारा काढताना ‘वादी कोण?’ हेच आधी शोधत बसण्याचा धोका आहे. म्हणून गोव्यातील तयारीचे प्रपत्र दुसऱ्या राज्यातून जसेच्या तसे उचलता येणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. फोंडा.

पहिली चाचणी झाली. कोणत्याही खऱ्या प्रकरणाचा मजकूर वापरायचा नाही, हा नियम आम्ही आधीच केला होता. त्यामुळे मी एक काल्पनिक साक्ष लिहिली, भाषांतरकार बाई साक्षीदार झाल्या, वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली आणि सर्वांना खुली असलेली श्रुतलेखनाची साधने प्राध्यापकांनी चालवली. विषय साधा घेतला होता : भाटातील घर, घराकडे जाणारी वाट आणि तोडलेला माड.

‘भाट’ हा शब्द दोनदा ‘भात’ असा उतरला. नारळी-पोफळीच्या बागेचे भातशेत होणे ही आमच्याकडे किरकोळ चूक नाही, कारण जमिनीचा प्रकार बदलला की कायदाही बदलू शकतो. तरीही ही चूक वाचताना डोळ्यांत भरते आणि म्हणून सुधारता येते.

घातक चूक वेगळी निघाली. कोकणीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘हांवें ताका पळोवंक ना’ म्हणजे ‘मी त्याला पाहिले नाही’. बोलणारा थकला की शेवटचा ‘ना’ हळू पडतो, आणि मराठीवर शिकलेल्या साधनाला ‘ना’ हा ‘तू येतोस ना?’ यातल्यासारखा आग्रहाचा किंवा भरीचा शब्द वाटू शकतो. आमच्या चाचणीत एका ठिकाणी तो गळला. उरलेले वाक्य नीटनेटके होते आणि वाचताना कोठेही अडखळायला होत नव्हते. साक्षीदाराने ज्याला पाहिलेच नव्हते त्याला पाहिल्यासारखे ते वाक्य कागदावर उभे राहिले.

रात्री हे लिहिताना माझ्या नोकरीतील एक प्रसंग आठवतो. सत्तरी तालुक्याकडच्या एका वृद्ध बाईंची साक्ष चालली होती, न्यायाधीश इंग्रजीतून मजकूर सांगत होते आणि मी टंकत होते. ‘नॉट’ हा एक शब्द माझ्या हातून सुटला. शेवटी साक्ष त्यांना कोकणीतून समजावून सांगितली गेली, तेव्हा त्या बाईंनी पदर सावरला आणि ठामपणे म्हणाल्या, “अशें हांवें म्हणूंक ना.” शब्द तेथल्या तेथे दुरुस्त झाला. त्या दिवशी साक्ष वाचून दाखवण्याची पायरी घाईत गाळली गेली असती, तर ती चूक अपिलापर्यंत गेली असती आणि तिच्या खाली त्या बाईंचाच अंगठा असता.

१६ नोव्हेंबर, रविवार.

काल ज्या पायरीविषयी लिहिले तिचा कायदेशीर आधार आज नीट वाचला. फौजदारी कामकाजाला लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ नुसार साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, गरज पडल्यास दुरुस्त करायची असते, आणि ती ज्या भाषेत लिहिली आहे ती भाषा साक्षीदाराला कळत नसेल तर तिचा अर्थ त्याला समजेल अशा भाषेत सांगायचा असतो. यंत्र येण्यापूर्वीपासून आपल्या कायद्यात तपासणीची ही जागा राखून ठेवलेली आहे. प्रपत्राचा पहिला प्रश्न बहुधा येथूनच निघेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार. पणजी.

भाषांतरकार बाईंच्या घरी बसलो. आजचा दिवस शब्दांना दिला, आणि इतक्या दिवसांत सर्वाधिक हाती लागले ते आजच.

गोव्यात ‘कूळ’ आणि ‘मुंडकार’ ही दोन माणसे कायद्याने वेगळी आहेत. कुळाचे हक्क १९६४ च्या कृषी कूळवहिवाट कायद्यात आहेत, मुंडकाराचे १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यात. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीवरील घरात राहतो, आणि त्या घरासाठी जो भाटकाराला भाडे देतो त्याला कायद्याची व्याख्या मुंडकार मानतच नाही. आम्ही एक मराठी परिच्छेद तीन साधनांतून इंग्रजीत नेला. तिन्हींनी कुळालाही आणि मुंडकारालाही ‘टेनंट’ म्हटले, एकाने तर भाटकाराचा ‘लँडलॉर्ड’ करून नात्यात भाडेही सुचवले. म्हणजे ज्या भाड्याच्या अस्तित्वाने मुंडकाराचा दावा बुडू शकतो, ते भाडे मूळ मजकुरात नसताना भाषांतराने आणून ठेवले. भाषा ओघवती होती. परराज्यातून आलेल्या वाचकाला तेथे संशय यावा असे काहीही नव्हते.

पोर्तुगीज कागदांची कथा याच जातीची आहे. इन्व्हेंटरीतील ‘कबेसा द काझाल’ हा मालमत्तेचा कारभार पाहणारा आणि वारसांची व मालमत्तेची यादी सादर करण्याची जबाबदारी असलेला माणूस असतो. शब्दशः नेले की तो ‘जोडप्याचा प्रमुख’ होतो. बाईंनी वर्षानुवर्षे जमवलेली संज्ञांची वही आज पहिल्यांदा आम्हाला दाखवली. नोंदणीतील ‘देस्क्रिसांव’ आणि ‘इन्स्क्रिसांव’ या दोन शब्दांना त्यांनी स्वतंत्र पाने दिली आहेत, कारण पहिला मालमत्तेचे वर्णन सांगतो आणि दुसरा तिच्यावरील हक्काची नोंद. अशी वही एखाद्या न्यायालयाजवळ आहे का, हे कोणत्याही तयार प्रश्नावलीत विचारलेले मला आढळले नाही. आमच्या प्रपत्रात तो प्रश्न स्वतंत्र राहील, आणि त्याच्या पुढे : ती वही कोण सांभाळतो, तिच्यात नवा शब्द घालण्याचा अधिकार कोणाचा, आणि साधन पुरवणाऱ्याने ती मानायची हे करारात लिहिले आहे का?

‘मुंडकार’, ‘भाटकार’, ‘कोमुनिदाद’ (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), ‘आफोरामेंत’ (जमीन दीर्घकाळासाठी पट्ट्याने देणे) हे शब्द भाषांतरात बदलायचेच नाहीत, असे आम्ही एकमताने ठरवले.

२९ नोव्हेंबर, शनिवार. फोंडा.

आज पैशांकडे पाहिले. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात अभिलेखांचे स्कॅनिंग आणि डिजिटल जतन यासाठी २,०३८.४० कोटी आहेत, प्रशिक्षणासाठी २०८.५२ कोटी, कृत्रिम बुद्धिमत्तेसह भावी तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी आणि न्यायिक कार्यपद्धतीच्या फेरआखणीसाठी ३३ कोटी. अभिलेखांवर सर्वाधिक खर्च होणे मला योग्य वाटते. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात जुना कागद फार वाट पाहत नाही. कार्यपद्धतीच्या फेरआखणीचा आकडा मात्र मला अस्वस्थ करतो, कारण तालुका पातळीवर खरी अडचण तेथेच येणार आहे.

त्याचे एक उदाहरण. आज साक्ष साधारणपणे कथनाच्या रूपात लिहिली जाते : वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत उत्तर देतो आणि न्यायाधीश त्या दोहोंचे मिळून एक इंग्रजी वाक्य सांगतात. ते वाक्य सांगणे हेही न्यायदानाचेच काम आहे. काय घ्यायचे, कोणता शब्द साक्षीदाराच्या तोंडचा तसाच ठेवायचा, हे तेथे ठरते. यंत्र प्रत्येक शब्द टिपते, अडखळणेही टिपते. मग अभिलेख कोणता, यंत्राचा शब्दशः मजकूर की न्यायाधीशांनी सांगितलेले कथन? दोन्ही ठेवले आणि त्यांत तफावत निघाली तर अपिलात कोणते ग्राह्य? हे ठरवल्याशिवाय ध्वनिग्राहक बसवले, तर प्रत्येक न्यायकक्ष आपापला रिवाज पाडेल आणि पुढे तो मोडणे कठीण होईल.

६ डिसेंबर, शनिवार. फोंडा.

वकिलांच्या बाजूची तयारी हा आजचा विषय होता. वकीलसाहेबांनी सांगितले की त्यांच्या परिचयाच्या एका कनिष्ठ वकिलाने यंत्राला विचारून तीन निवाड्यांचे दाखले अर्जात घातले, आणि त्यांपैकी एक निवाडा कोणत्याही संग्रहात सापडला नाही. अर्ज दाखल होण्यापूर्वी ते लक्षात आले, म्हणून निभावले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ च्या जूनमध्ये अशाच बनावट दाखल्यांबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता. यंदा मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर निर्धारणाचा आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतलेला होता. म्हणजे हा दोष नवख्या वकिलापुरता नाही. अधिकाराच्या खुर्चीवरूनही तो घडतो.

युनेस्कोने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९६ देशांतील पाहणीत न्यायव्यवस्थेत काम करणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी अशी साधने कामासाठी वापरल्याचे सांगितले होते, आणि संस्थेकडून मार्गदर्शक सूचना किंवा प्रशिक्षण मिळाल्याचे फक्त ९ टक्क्यांनी. त्यामुळे ‘तुमच्या न्यायालयात वापर सुरू आहे का?’ या प्रश्नाला मिळणाऱ्या ‘नाही’ या उत्तरावर विसंबू नये. प्रश्न बदलला : ‘खिशातील मोबाइलवर कोणी वापरत असल्यास ते निर्भयपणे सांगण्याची सोय आहे का?’

केरळ उच्च न्यायालयाचे जुलै २०२५ चे जिल्हा न्यायालयांसाठीचे धोरण आज सर्वांनी एकत्र वाचले. निष्कर्ष, आदेश किंवा निवाडा ठरवण्यासाठी ही साधने वापरायची नाहीत, मान्यता दिलेलीच साधने वापरायची, प्रत्येक वापराची नोंद ठेवायची आणि भाषांतर जाणकाराकडून किंवा न्यायाधीशांकडून तपासून घ्यायचे, असे त्यात स्पष्ट आहे. धोरण चांगले आहे. आमचे प्रपत्र या धोरणाच्या पुढच्या पायरीवर उभे राहावे असे वाटते : तपासायचे हे ठरले, पण कोणी, किती वाजता आणि कोणते काम बाजूला ठेवून?

१३ डिसेंबर, शनिवार. डिचोली.

न्यायालयांत काम केलेल्या आणि करत असलेल्या काही जुन्या सहकाऱ्यांशी खाजगीत बोलले. नावे येथे लिहीत नाही. लघुलेखकाचे पद राहील की नाही, ही चिंता प्रत्येकाच्या बोलण्यात होती, आणि ती चिंता मी स्वतःची मानते. परंतु सर्वांत नेमका प्रश्न एका बेंच क्लार्कने विचारला : “मॅडम, यंत्र चुकले तर मेमो कोणाच्या नावाने निघणार?”

मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. आज मजकूर चुकला तर टंकणाऱ्याची आद्याक्षरे कागदावर असतात आणि सही न्यायाधीशांची असते, म्हणून जबाबदारीची साखळी कळते. यंत्राच्या मजकुराखाली कारकुनाची आद्याक्षरे घ्यायची आणि त्याला तो मजकूर मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायला वेळ द्यायचा नाही, तर तो माणूस तपासनीस राहत नाही. चूक त्याच्या नावावर टाकण्याची सोय तेवढी होते. असे माझ्या सहकाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, हे मला मनापासून वाटते. प्रपत्रात आता स्पष्ट लिहिले आहे : तपासणाऱ्याचे पद, त्यासाठी राखून ठेवलेला वेळ, मजकूर नाकारण्याचा त्याचा लेखी अधिकार, आणि नाकारल्याबद्दल बोर्ड रेंगाळला तर त्याला दोष दिला जाणार नाही याची हमी.

२० डिसेंबर, शनिवार.

गोपनीयतेचा भाग प्राध्यापकांनी लिहून आणला. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम गेल्या महिन्यात अधिसूचित झाले. त्याच्या कलम १७ मध्ये न्यायालयांना न्यायिक कामापुरती मोठी सूट आहे, त्यामुळे साक्षीदाराचा आवाज कोणत्या सर्व्हरवर जातो आणि तेथे किती दिवस राहतो, याचे बंधन न्यायालयाने स्वतःच करारातून घालून घ्यावे लागेल. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते. बंद दाराआडची साक्ष दाराबाहेरच्या यंत्राकडे जात असेल, तर दार बंद आहे असे म्हणता येणार नाही. अशा साक्षींना बाहेरचे साधन लावायचेच नाही, हा नियम आम्ही प्रपत्रात अट म्हणून घातला.

३ जानेवारी २०२६, शनिवार. फोंडा.

प्रपत्र नव्याने लिहिले. प्रश्न निम्म्याहून कमी झाले. पहिले पान वाचून दाखवण्याविषयी आहे : साक्ष कोण वाचून दाखवतो, कोणत्या भाषेत, बोर्डावर त्यासाठी वेळ धरला आहे का, आणि साक्षीदाराने सुचवलेली दुरुस्ती मूळ मजकुराशेजारी दिसते का? दुसऱ्या पानावर संज्ञांची वही, तिसऱ्यावर जबाबदारीची साखळी. संगणक, वीज आणि जोडणी चौथ्या पानावर गेली. या क्रमाला प्राध्यापकांचा आक्षेप होता. त्यांच्या मते पायाभूत सोयीच नसतील तर पुढचे प्रश्न व्यर्थ आहेत. वकीलसाहेब म्हणाले की सोयी येतीलच, त्यांना अंदाजपत्रकात रकाना आहे, आणि वाचून दाखवण्याच्या वेळेला नाही. क्रम तसाच ठेवला, प्राध्यापकांचा आक्षेप शेवटी जोडला.

गुण देण्याची पद्धतही काढून टाकली. शंभरांपैकी सत्तर गुण मिळालेल्या न्यायालयात गळलेला ‘ना’ त्या उरलेल्या तिसांत असू शकतो.

१० जानेवारी, शनिवार. फोंडा.

नव्या प्रपत्रावर आम्ही स्वतःच चाचणी केली. तीच काल्पनिक साक्ष, तेच साधन. यंत्राचा मजकूर कोकणीतून वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते आणि ध्वनिमुद्रणाशी ताडण्याचे प्राध्यापकांकडे. साक्षीपेक्षा तपासणीला अधिक वेळ लागला. हे प्रपत्रात लपवायचे नाही असे ठरले. साधनामुळे वेळ वाचेल या अपेक्षेवर ज्यांनी निर्णय घेतला असेल त्यांना ते आधीच कळायला हवे. भाषांतरकार बाईंनी साक्षीदार म्हणून दोन ठिकाणी हरकत घेतली आणि दोन्ही रास्त होत्या.

एक उणीव राहिली आहे. आतापर्यंतचे सर्व आवाज फोंडा, डिचोली आणि पणजीकडचे आहेत. दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या कोकणीची लय वेगळी, आणि तेथील अनेक साक्षीदार वाचतात ते रोमी, म्हणजे रोमन, लिपीत. पुढच्या शनिवारी मडगावला जाऊन तेथील दोघांच्या आवाजात हीच साक्ष घ्यायची, पडद्यावरील मजकूर रोमीतही दाखवून पाहायचा आणि वाक्याच्या शेवटचा ‘ना’ किती वेळा टिकतो ते मोजायचे. त्यानंतरच मसुदा पाठवायचा.